नसांच्या त्रासासाठी ग्लूटेन सोडताय? आधी या चुका टाळा

पायांना मुंग्या, तळव्यांची आग, चालताना तोल जाणं, सही वेडीवाकडी होणं, डोकं सतत जड. असा त्रास कित्येक वर्षं अंगावर काढलेली माणसं माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येतात, तेव्हा बहुतेकांनी गहू आधीच सोडलेला असतो. भाचीने व्हिडिओ पाठवलेला असतो, नाहीतर शेजारच्यांनी सांगितलेलं असतं. मी न्यूरॉलॉजिस्टांबरोबर, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांबरोबर, काम करणारी आहारतज्ज्ञ आहे. ग्लूटेन म्हणजे गहू आणि जवातलं प्रथिन. ते बंद केल्यावर भिंतीचा आधार सोडून चालायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण हेच पथ्य अर्धवट केलं तर फायदा जातोच, शिवाय आजार नेमका कशाचा होता हे कळायची सोयही जाते. त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या की आता लिहूनच काढते.

यात तथ्य किती, ते आधी सांगते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे न्यूरॉलॉजिस्ट मारिओस हाजीवासिलिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिलं, की ज्यांच्या मज्जासंस्थेच्या आजाराचं कारण सापडत नाही अशा रुग्णांत ग्लूटेनविरुद्धच्या अँटीबॉडी (प्रतिकारशक्तीने रक्तात तयार केलेली प्रथिनं) इतरांपेक्षा खूप जास्त प्रमाणात आढळतात. त्यातूनच 'ग्लूटेन अटॅक्सिया', म्हणजे ग्लूटेनमुळे तोल जाणं, हे निदान पुढे आलं. प्रतिकारशक्ती ग्लूटेनवर चवताळते आणि त्या भरात लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशींचंही नुकसान करते. तोल सांभाळण्यात या पेशींचा मोठा वाटा असतो आणि एकदा मेलेली पेशी परत येत नाही. हातापायांच्या नसाही अशाच बिघडू शकतात. विशेष म्हणजे यातल्या बहुतेकांना पोटाची काहीच तक्रार नसते. मात्र पार्किन्सन्स किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस ग्लूटेन सोडून बरा होतो असा पुरावा नाही, आणि तसं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तपासणीच्या आधी गहू सोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगते.

साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. पाय फाकवून चालायचे, जिना उतरताना कठडा घट्ट धरायचे, शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. कुठेतरी वाचून त्यांनी गहू बंद केला. काही महिन्यांनी त्यांना थोडं बरं वाटायला लागलं आणि मग ते न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी लिहून दिली; सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होण्याचा आजार, त्याच्या अँटीबॉडी ती शोधते. ती नॉर्मल आली. एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला (बायोप्सी), तोही जवळपास नॉर्मल. येणारच. गहू बंद केला की अँटीबॉडी हळूहळू उतरतात आणि आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं. मग जनुकांची तपासणी झाली. त्यात सीलिअॅकशी जोडलेलं डीक्यू-२ हे जनुक सापडलं, पण डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ तर धडधाकट माणसांतही तीस-चाळीस टक्के जणांत असतं. ही तपासणी निगेटिव्ह आली असती तर सीलिअॅक जवळपास नाहीच असं म्हणता आलं असतं. पॉझिटिव्ह आल्याने काहीच सिद्ध होत नाही.

एकच रस्ता उरला होता: परत रोज पोळी खायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. सर घाबरले. "मॅडम, जरा कुठे पाय स्थिर झालेत, आणि तुम्ही परत पोळी खा म्हणता?" त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांनी धीर करून सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात ते न्हाणीघरात पडले, मनगट मोडलं आणि तो प्रयोग तिथेच थांबला. पडण्याचं कारण गहू होता का आधीचाच आजार, हे कुणालाच सांगता येणार नाही. आजही त्यांचं निदान कागदावर 'संभाव्य' असंच आहे. त्यांचा मुलगा विचारतो, "माझी तपासणी करायची का?" सीलिअॅक असलेल्याच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात तो साधारण दहातल्या एकाला निघतो, त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. गहू सोडण्याआधी रक्ताचा एक नमुना दिला असता तर बापलेक दोघांनाही उत्तर मिळालं असतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. रिपोर्ट हातात येईपर्यंत पोळी सोडायची नाही. टीटीजी-आयजीए बरोबर एकूण आयजीए सुद्धा करायला सांगते, कारण काही जणांच्या रक्तात आयजीए हा अँटीबॉडीचा प्रकारच कमी असतो आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं. नसांचा त्रास असेल तर ग्लायाडिनच्या (ग्लूटेनमधल्या एका घटकाच्या) अँटीबॉडीही बघायला हव्यात, कारण ग्लूटेन अटॅक्सियात नेहमीचं टीटीजी नॉर्मल असू शकतं. या ग्लायाडिनच्या अँटीबॉडी धडधाकट लोकांतही सापडतात, तेव्हा त्यांचा अर्थ न्यूरॉलॉजिस्टनेच लावायचा. गहू आधीच सोडून झाला असेल तर किमान सहा आठवडे दिवसातून दोन वेळच्या जेवणात गहू हवा. आणि हेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तोल जात असेल तर घरात कुणीतरी सोबत असतानाच.

सगळं खापर ग्लूटेनवर फोडणं

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आहे. बी-१२ कमी झालं की पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसरायला होतं. म्हणजे ज्या तक्रारींसाठी लोक गहू सोडतात त्याच. फरक एवढाच, की यावर इंजेक्शन आहे आणि ते वेळेत मिळालं तर माणूस सुधारतो. सहा महिने ज्वारी खात बसलात आणि बी-१२ तपासलंच नाही, तर तेवढ्या काळात मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना न विचारता नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेणं तर अधिकच धोक्याचं. रक्तातला पांडुरोग त्यांनी सुधारतो, नसांची झीज मात्र चालूच राहते.

साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉइड, बी-१२ हे रिपोर्ट बघितल्याशिवाय मी कुणालाच पथ्याचा कागद देत नाही. सीलिअॅक पक्का असेल तर तांबं आणि ई जीवनसत्त्वही तपासायला सांगते, कारण आतडं शोषून घेत नसेल तर यांच्या कमतरतेनेही पाय अडखळतात.

खपली

खपली गहू हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. "खपली चालते" असं सांगून महागडं पीठ विकणाऱ्यांकडून घेऊ नका. बन्सी, शरबती, दलिया, लापशी, शेवया, रवा, मैदा सगळं त्यातच आलं. जव सुद्धा.

घरातला दडलेला गहू

एक ताई नाशिकहून यायच्या. निदान पक्कं होतं, बायोप्सीसकट. गहू पूर्ण बंद, लग्नाकार्यातसुद्धा घरचा डबा. वर्ष उलटलं तरी टीटीजी उतरेना, चालणंही जिथल्या तिथेच. घरच्यांना वाटायला लागलं की ही चोरून खाते. सासूबाई तसं बोलूनही दाखवायच्या. ताई माझ्यासमोर बसून रडल्या, "मी वाटीभर शिरासुद्धा प्रसादाचा घेत नाही हो." माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. म्हटलं, पुढच्या वेळी स्वयंपाकघरातले सगळे डबे, पुड्या, बरण्या घेऊन या.

ज्वारीचं पीठ गिरणीतून दळून आणलेलं होतं. त्याच जात्यावर आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळले गेलेले, आणि त्यांचं पीठ यांच्या ज्वारीत उतरत होतं. हिंगाच्या डबीवर लिहिलेलं होतं: गव्हाचं पीठ. बाजारातला बराचसा हिंग कणीक किंवा मैदा घालूनच बनवतात, आणि आपल्याकडे हिंगाशिवाय फोडणी नाही, म्हणजे दोन्ही वेळच्या वरण-भाजीत तो होताच. मऊ भातावर घ्यायचं मेतकूट माहेरून आलेलं, आणि त्यात भाजलेले गहू होते. चाळणी तर घरात एकच, त्यातून आधी कणीक चाळायची आणि मग ज्वारी. एवढ्या वाटांनी गहू आत येत होता आणि बोल मात्र त्या बाईला लावले जात होते. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगते. एका मध्यम फुलक्यात साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. सीलिअॅकच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेनने सुद्धा तीन महिन्यांत आतड्याला इजा झालेली दिसली आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा.

मी काय करायला सांगते? शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीच घालू नका. ते जमत नसेल तर गिरणीवाल्या दादांना विचारा, तांदळाचं वेगळं जातं असतं का. 'आधी थोडे तांदूळ फिरवून घेतो' यावर मी विसंबत नाही. ज्वारी-बाजरी घरी आणली की ताटात पसरून निवडा, गव्हाचे दाणे हमखास निघतात. मग धुऊन कडक उन्हात वाळवा. चाळणी, पोळपाट, लाटणं आणि लाकडी उलथनं नवं आणि वेगळं ठेवा, त्यांच्या फटींतलं पीठ निघत नाही. स्टीलची परात आणि लोखंडी तवा घासून चालतो. हिंग तांदळाच्या पिठातला मिळतो, डबीवरची बारीक अक्षरं वाचून घ्या. सुटा हिंग नको. भाकरी तुटू नये म्हणून मूठभर कणीक घालायची सवय काही घरांत असते, ती बंद. थालीपिठाची भाजणी घरची असली तरी त्यात गहू घातलाय का, हे विचारल्याशिवाय खाऊ नका.

त्या ताईंचं टीटीजी हे सगळं बदलल्यावर उतरायला लागलं. पुढच्या वर्षी त्या एकट्या बसने आल्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

माल्ट घातलेली दुधातली पावडर: माल्ट जवापासून होतं, बंद.

ओट्स: पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापलेलं नसेल तर नकोत, आणि सुरुवातीचे काही महिने तसलेही नकोत.

गव्हांकुराचा रस: कोवळ्या पात्यात ग्लूटेन नसेलही, पण मुळाशी दाणा असतो. नको.

सोया सॉस: बहुतेकांत गहू.

सातूचं पीठ: बहुधा गहू किंवा जव असतो.

'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं: आपल्याकडच्या नियमाप्रमाणे असं छापायचं तर एका किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे ती सुरक्षित आहेत. पण बहुतेक नुसता तांदूळ, स्टार्च आणि साखर. मधुमेहामुळे नसा बिघडलेल्या माणसाने ती खात बसणं म्हणजे त्याच नसांचं आणखी नुकसान. नाचणी, ज्वारी, बाजरी, वरई, राजगिरा, डाळी असताना तुम्हाला ती लागतातच कशाला?

प्रसाद: सत्यनारायणाच्या शिऱ्याऐवजी केळं मागून घ्या, कुणी रागावत नाही. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक रुग्णांसाठी: कमी ग्लूटेनच्या होस्टला (मिस्सामध्ये मिळणाऱ्या पातळ भाकरीला) चर्चची मान्यता आहे, फादरांशी आधी बोला.

'रविवारी एक दिवस चालतं': नाही चालत.

गोळ्या बंद करणं

हे मला ठळक सांगायचं आहे. पथ्य सुरू केलं म्हणून फिट्सच्या, पार्किन्सन्सच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. फिट्सची गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. आहार बदलताना औषध तसंच चालू राहतं. कमी करायचं असेल तर ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

पंधरा दिवसांत निकाल मागणं

"मॅडम, पंधरा दिवस झाले, काहीच फरक नाही" हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. नस सावकाश भरून येते. अँटीबॉडी उतरायलाच सहा महिने ते वर्ष लागतं, आणि चालण्यातला फरक बहुधा त्यानंतरच दिसतो. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण महिनाभर पाळून सोडलेल्या पथ्यातून कुणालाच काही कळत नाही. तसंच गहू, दूध, साखर एकाच दिवशी बंद करून वर तीन नव्या गोळ्या सुरू करणारे. बरं वाटलं तर कशाने वाटलं, हे त्यांना कधीच समजत नाही. गव्हाबरोबर कांदा-लसूण सोडणाऱ्यांचंही तेच. गहू, कांदा, लसूण तिन्हींत फ्रुक्टन नावाची शर्करा असते आणि पोट फुगणं कित्येकदा तिच्यामुळे असतं. पोट हलकं झालं म्हणून नसांचं दुखणं ग्लूटेनचं ठरत नाही.

नोंद ठेवण्याची माझी पद्धत अशी: दर रविवारी सकाळी एका वहीत तारीख घालून सही करायची, आणि फरशीच्या रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालतानाचा व्हिडिओ घ्यायचा, शेजारी कुणीतरी हात धरायला उभं असताना. "बरं वाटतंय का?" या प्रश्नाचं उत्तर माणूस त्या दिवशीच्या मूडप्रमाणे देतो. वहीतल्या सह्या तसं करत नाहीत. सहा महिन्यांनी आणि वर्षाने अँटीबॉडीची तपासणी पुन्हा करायची.

वर्षभर काटेकोर पाळलं, अँटीबॉडी निगेटिव्ह झाल्या आणि तरीही त्रास वाढतच चालला असेल, तर तो पथ्य आणखी कडक करण्याचा इशारा समजू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे परत जा, दुसरं कारण शोधायला सांगा. बायोप्सीने सीलिअॅक ठरलेला असेल तर गहू आयुष्यभर बंदच राहील. पण सुरुवातीपासून सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, नुसतं करून बघू म्हणून सोडला होता, आणि वहीत काहीच फरक दिसत नाही, अशा माणसाने डॉक्टरांना विचारून पोळी परत सुरू करावी.