ऑनलाइन कोर्सचा सिलॅबस लिहिताना या चुका टाळा

वर्गात शिकवताना सिलॅबसमध्ये काही राहून गेलं तरी निभावतं. कुणीतरी हात वर करतं, आपण उत्तर देतो आणि ते सगळा वर्ग ऐकतो. ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थी दिवसभराची कामं उरकून रात्री अकराला एकटाच ती फाइल उघडतो. शेजारी विचारायला कुणी नसतं. म्हणून मी प्रत्येक ओळ लिहून झाली की स्वतःला विचारते: रात्री अकराला इथे शंका आली, तर तिचं उत्तर याच फाइलमध्ये आहे का?

तारखा आणि वेळा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. माझ्या पहिल्या ऑनलाइन कोर्समध्ये मी लिहिलं होतं, 'असाइनमेंट रविवारी रात्री १२ पर्यंत द्यावी.' रविवार सुरू होतानाचे १२ की संपतानाचे? काही जणांनी शनिवारी रात्र जागून अपलोड केली, बाकीचे रविवारभर निवांत होते. दोघांनीही वाक्य बरोबरच वाचलं होतं, चूक माझी होती. तेव्हापासून वार, तारीख आणि 'रात्री ११:५९' असं तिन्ही लिहिते. विद्यार्थी वेगवेगळ्या देशांत असतील तर वेळ कुठल्या घड्याळाची, हेही लिहावं लागतं. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्यामुळे सत्र चालू असतानाच दोन ठिकाणांच्या वेळेतलं अंतर बदलू शकतं.

गेल्या वर्षीची फाइल कॉपी करून वापरणार असाल, तर वार तपासाच. तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. 'सोमवार' तसाच राहिला आणि तारीख मंगळवारची निघाली, की विद्यार्थ्याने कशावर भरवसा ठेवायचा?

आणि एकच डेडलाइन सिलॅबस, कॅलेंडर आणि असाइनमेंटचं पान अशा तीन ठिकाणी लिहू नका. बदल करताना एक जागा हमखास राहते. तारखांचा तक्ता एकाच ठिकाणी ठेवा, बाकी सगळीकडून त्याची लिंक द्या.

गुणांचा हिशोब

क्विझ २०, असाइनमेंट ४०, चर्चा १५, प्रकल्प ३०. बेरीज करून पाहा: १०५. एखादा घटक मागाहून वाढवला की असं होतं. बेरीज जुळली तरी पोर्टलवर भरलेले टक्के तेच आहेत ना, हे पाहा. नाहीतर स्क्रीनवर एक आकडा आणि विद्यार्थ्याच्या वहीत दुसरा.

माझ्या मते एक सोडवलेलं उदाहरण द्यायलाच हवं. समजा क्विझ २०, असाइनमेंट ४०, चर्चा १०, प्रकल्प ३०. एखाद्याला त्यांत अनुक्रमे ८०, ७०, ९० आणि ६० टक्के मिळाले, तर १६ + २८ + ९ + १८ = ७१. या एका ओळीमुळे कितीतरी ईमेल वाचतात.

'उशीर झाल्यास गुण कापले जातील' हे वाक्य तर पूर्ण काढूनच टाका. किती कापणार? रोज, की एकदाच? एकूण गुणांच्या १० टक्के, की मिळालेल्या गुणांच्या? किती दिवसांनंतर काम घेणारच नाही? आजारपणात काय? ही उत्तरं लिहिली नाहीत तर प्रत्येक प्रकरणात वेगळा निर्णय होतो, आणि गप्प राहणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

'सहभाग' या शब्दाचंही तसंच. चर्चेत पहिली पोस्ट गुरुवारपर्यंत आणि रविवारपर्यंत वर्गातल्या दोघांच्या पोस्टना उत्तरं, असं स्पष्ट लिहा. एकच शेवटची तारीख दिली तर सगळे रविवारी रात्रीच लिहितात आणि मग चर्चा होतच नाही.

पोकळ उद्दिष्टं

'सांख्यिकीची ओळख होईल.' झाली की नाही, हे कसं कळणार? त्याऐवजी 'दिलेल्या आकडेवारीवरून सरासरी आणि मध्यक काढून त्यांतला फरक सांगता येईल' असं लिहा. मग क्विझमध्ये काय विचारायचं, तेही तिथेच ठरतं.

कामाचे तासही सांगा. युरोपातल्या विद्यापीठांच्या ईसीटीएस या क्रेडिट मोजण्याच्या पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे वाचन, लेखन, परीक्षा सगळं धरून २५ ते ३० तास. म्हणजे ५ क्रेडिटचा कोर्स किमान १२५ तासांचा. तो १२ आठवड्यांत बसवला तर आठवड्याला दहा तासांच्या वर जातो. नोकरी करणाऱ्याला हा आकडा पहिल्याच दिवशी कळायला हवा.

एआयबद्दल 'परवानगी नाही' एवढंच पुरत नाही. व्याकरण तपासून घेतलेलं चालेल का, मुद्दे सुचवून घेतलेले चालतील का, हे प्रत्येक असाइनमेंटपुढे लिहा. ईमेलला उत्तर किती तासांत देणार आणि सुट्टीच्या दिवशी देणार का, हेही.

फाइलच वाचता येत नाही

स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यातलं काहीच वाचू शकत नाही, आणि कुणालाच त्यात शब्द शोधता येत नाही. तपासणं सोपं आहे: फाइलमधला एखादा शब्द निवडून पाहा. निवडला गेला नाही, तर मूळ फाइलवरून पुन्हा पीडीएफ करा. अक्षरं नुसती ठळक करून शीर्षक होत नाही, त्यासाठी हेडिंगची स्टाइल वापरा. महत्त्वाचं फक्त लाल रंगाने दाखवू नका.

शेवटी, तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याच्या फोनवर सिलॅबस उघडा आणि तीन गोष्टी शोधायला सांगा: पहिली डेडलाइन, उशिराचा नियम, तुमच्याशी संपर्क कसा करायचा. तो शोधत असताना तोंडी काहीही सांगू नका. तो जिथे अडला, तो भाग त्याच दिवशी पुन्हा लिहा.