फ्रेंच हॉर्न: वाद्याची बांधणी आणि लष्करी बँडची वाट

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि सांबऱ्याला हवाई दलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल असल्यामुळे, भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले या भागात गावोगाव दिसतात. पण वाद्य वाजवणाऱ्याला सैन्यदलांत वेगळी वाट आहे, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. लग्नाच्या आणि गणपतीच्या बँडमध्ये ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम असतात. फ्रेंच हॉर्न, म्हणजे वेटोळ्या नळीचे पितळी फुंकवाद्य, सहसा नसतो. हवाई दलाच्या अग्निवीरवायू (म्युझिशियन) भरतीतील वाद्यांच्या यादीत मात्र तो नावानिशी असतो. हे वाद्य अवघड का आहे ते त्याच्या बांधणीवरून कळते, आणि ते कळल्याशिवाय सराव नेमका कशाचा करायचा हेही समजत नाही. म्हणून सुरुवात बांधणीपासूनच करावी.

एफ स्वराच्या हॉर्नची वेटोळी नळी सरळ केली तर ती सुमारे १२ फूट भरते. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी पाच फुटांच्या आत असते. इतक्या लांब नळीचा मूळ स्वर फार खालचा असतो, आणि वादक त्याच्या बऱ्याच वरच्या उपस्वरांवर खेळतो. आपल्या भाषेत सांगायचे तर, एकही कळ न दाबता फुंकले असता खालून वर सा, सा, प, सा, ग, प, थोडा उतरलेला कोमल नी, सा, रे, ग असे स्वर येत जातात आणि जितके वर जावे तितके ते एकमेकांना खेटून उभे राहतात. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार तो याच मालिकेतला. हॉर्नवर वरचे रे आणि ग एकाच बोटस्थितीत येतात, त्यांतला कोणता वाजायचा हे केवळ ओठ ठरवतात, आणि ओठांना ते कान सांगतो. स्वर आधी डोक्यात नसेल तर शेजारचा स्वर फुटतो, आणि तो सगळ्या बँडला ऐकू जातो.

म्हणून माझा आग्रह असा की, हॉर्न हाती येण्यापूर्वी तीन-चार महिने पेटीवर एक स्वर धरून त्याच्याशी सा, प आणि ग गळ्याने जुळवण्याचा रोज पाव तास रियाझ करावा. भजनी मंडळात बसणाऱ्या मुलाला हे काम निम्मे झालेलेच असते; ट्रम्पेट भराभर वाजवणाऱ्याला कधीकधी ते नव्याने शिकावे लागते. वाद्य हाती आल्यावर माउथपीस असा ठेवावा की त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वरच्या ओठावर आणि एक-तृतीयांश खालच्या ओठावर येईल, आणि पहिले काही आठवडे मधल्या सप्तकातले लांब स्वरच धरावेत.

हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबतात, याचे नवख्याला नवल वाटते. स्टॉल्झेल आणि ब्लूमेल यांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचे, म्हणजे कळ दाबली की हवेची वाट बदलून नळीची लांबी बदलणाऱ्या झडपेचे, पेटंट घेतले; त्याआधी वादक उजवा हात मागच्या कर्ण्यात घालून, तो कमीअधिक मिटून मधले स्वर काढीत असत. व्हॉल्व्ह आले तरी उजवा हात तिथेच राहिला, आणि आजही त्यानेच स्वराचा पोत आणि बारीक चढउतार सांभाळला जातो. पुढे १८९७ मध्ये एर्फुर्टच्या क्रुस्पे यांनी डबल हॉर्न तयार केला. त्यात १२ फुटी एफ आणि सुमारे ९ फुटी बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकत्र असतात आणि अंगठ्याच्या व्हॉल्व्हने एकीवरून दुसरीवर जाता येते. वरच्या पट्टीत आखूड नळी अधिक भरवशाची ठरते. शक्य असेल तर सुरुवातीपासून डबल हॉर्नच घ्यावा, कारण बोटांची सवय नंतर मोडणे कठीण जाते.

जुना हॉर्न घेताना चकाकीला भुलू नये. कळ न दाबता तिची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी छोटी नळी, थोडी बाहेर ओढावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग कळ दाबावी. ‘टप्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरतो आहे, आणि काहीच आवाज झाला नाही तर हवा गळते आहे. नंतर व्हॉल्व्हची मागची टोपी काढून, आतल्या दांड्यावरची खूण बाहेरच्या खाचेशी कळ सोडलेल्या आणि दाबलेल्या अशा दोन्ही स्थितींत जुळते की नाही ते पाहावे. जुळत नसेल तर व्हॉल्व्हचे फिरणे नेमक्या जागी थांबवणारे बूच झिजलेले असते, आणि ते बदलणे स्वस्तातले काम आहे. कर्ण्यावरचा पोचा निघतो. माउथपीसजवळच्या नळीवरचा पोचा मात्र स्वर बिघडवतो, तेव्हा तसे वाद्य स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे.

खानापूरकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला दमटपणा वेगळा सांगायला नको. आठवडाभर पेटीत राहिलेल्या हॉर्नचा फिरता व्हॉल्व्ह जुलैत असा घट्ट बसतो की कळ दाबली तर कळ आणि व्हॉल्व्ह यांना जोडणारी दोरी तुटते. अशा वेळी पक्कड लावू नये. टोपीखाली आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला फिरत्या व्हॉल्व्हच्या (रोटरी) तेलाचे दोन-दोन थेंब सोडून थांबावे आणि मग बोटाने हलवून पाहावे. पेटीत दोरीचा जादा तुकडा ठेवावा. वाजवून झाल्यावर नळ्यांतले पाणी पुरते काढण्याचा कंटाळा करणाऱ्याला हे सगळे दर पावसाळ्यात करावे लागते.

संचलनात हॉर्नची एक अडचण उघडी पडते. त्याचा कर्णा मागे वळलेला असल्यामुळे नाद वादकाच्या पाठीमागे जातो. म्हणून काही बँड चालताना पुढे तोंड असलेला मेलोफोन हे हॉर्नसारखे वाद्य वापरतात. मार्चमध्ये हॉर्नच्या वाट्याला बहुधा ठेक्यामधले ‘उं-चा’तले ‘चा’ येतात, आणि ते दिसतात तितके सोपे नसतात: लाइट इन्फंट्रीची चाल साध्या पायदळापेक्षा जलद असते आणि पायाबरोबर वाजवण्याचा मोह सतत होतो. ओसरीवर जागच्या जागी पाऊल टाकत, पाय उचललेला असतानाच स्वर सोडण्याचा सराव करावा.

आता भरतीविषयी. हवाई दलाच्या या भरतीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. तिथे तयार केलेली धून, लिपी पाहून वादन आणि एक पूर्ण गाणे ऐकवावे लागते, तसेच अनोळखी स्वर ऐकून तो गळ्याने किंवा वाद्यावर जुळवावा लागतो. पेटीवरचा रियाझ इथे उपयोगी पडतो. लिपी हिंदुस्तानी किंवा कर्नाटकी चालते. तरी बँडमध्ये काम स्टाफ नोटेशनवरच (पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीवरच) असल्यामुळे ते शिकावेच, आणि हॉर्नच्या कागदावरचा सी प्रत्यक्षात खालचा एफ वाजतो हे अंगवळणी पाडावे. धावणे चुकत नाही: मुलांना १.६ किलोमीटर ७ मिनिटांत पार करावे लागते. नौदलातही म्युझिशियन घेतले जातात, आणि भूदलाच्या वादकांचे पुढचे शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये होते. अग्निवीर म्हणून नेमणूक ४ वर्षांची असते आणि त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, हा हिशेब घरच्यांसमोर आधीच मांडावा.

सीमाभागातल्या मुलांची गाडी बऱ्याचदा कागदांवर अडते. मराठी शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे इंग्रजी स्पेलिंग आणि आधारवरचे कानडी वळणाचे नाव एकमेकांशी जुळत नाही; नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) रहिवासी दाखला काढण्यापूर्वीच ते जुळवून घ्यावे, कारण जाहिरात आल्यानंतर तेवढे दिवस हातात राहत नाहीत. चाचणीच्या सकाळी हॉर्नला प्रवासाची थंडी लागलेली असते आणि थंड वाद्य स्वराला उतरते. आत जाण्यापूर्वी दहा मिनिटे त्यात हलक्या, उबदार फुंकरी सोडाव्यात, खालच्या सप्तकातले चार लांब स्वर धरावेत आणि मगच मुख्य स्लाइड हलवून पट्टी जुळवावी.