एमजीबी घ्यायची तर आधी गाडीखाली झोपा

ब्रिटनमध्ये राहून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची, स्वतः उघडायची आणि पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर एमजीबीइतकी सोयीची गाडी नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. इंजिन साधं, चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं. जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. जुन्या डायांवर (पत्रा दाबायच्या साच्यांवर) काढलेली अख्खी बॉडीसुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८पासून विकते आहे.

सगळं मिळतं म्हणून घेणारा निर्धास्त होतो आणि फसतो. इंजिन, क्लच, ब्रेक, सीट, टप या सगळ्याचा खर्च आधी मोजता येतो. पत्र्याचा येत नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. ती सडलेली असेल तर वरचा चकचकीत रंग आणि नवं क्रोम यांना काडीची किंमत नाही. आणि तयार नवी बॉडी घ्यायची म्हटलं तर ती एकटीच पाच आकडी पौंडांत जाते. त्यामुळे इंजिन बंद पडलेली पण पत्रा धड असलेली गाडी घ्या. छान चालणारी पण कुजलेली गाडी दुसऱ्या कुणाला घेऊ दे.

बघायला जाताना टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, छोटा पेचकस, हातातला आरसा आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्या. पावसात गाडी बघू नका. ओला रंग सगळे दोष लपवतो.

सिल: इथे सर्वात जास्त वेळ द्या

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पेटी म्हणजे सिल. ती एका पत्र्याची नसते. बाहेरचा सिल, मध्ये उभा पडदा, आतला सिल आणि त्यांच्याखाली किल्ल्याच्या तटासारख्या कंगोऱ्यांची कॅसल रेल, असे थर एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. उघड्या टपाच्या रोडस्टरमध्ये गाडीचा कणा हाच.

गंज सुरू होतो पुढून. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आत जाऊ नये म्हणून मडगार्डच्या आत एक आडवा पत्रा आणि त्याला रबरी पट्टी असते. रबर कडक होऊन तुटलं की चिखल मागे जाऊन सिलच्या तोंडावर साचतो. ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेही त्यात मिसळतं. हा ओला गोळा वर्षानुवर्षं तिथेच राहतो आणि सिल आतून बाहेर खात येतो. म्हणजे बाहेर रंगाखाली फोड दिसेपर्यंत आतला पडदा बहुतेक गेलेला असतो. बाहेरचा सिल नवा दिसला तरी मधल्या पडद्याचं काय केलं, हे विकणाऱ्याला विचाराच. कामाचे फोटो असतील तर उत्तम. ‘सिल बदललेत’ या वाक्याला फोटोशिवाय अर्थ नाही.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सडलेल्या सिलवर नवा पातळ पत्रा चढवणं. खाली झोपून सिलची खालची कडा बघा. थरांची चपटी, सरळ कडा आणि तिच्यावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डचे गोल ठसे दिसले पाहिजेत. तिथे डांबरासारख्या अंडरसीलचा जाड थर, ओबडधोबड वेल्डिंग किंवा गिलाव्यासारखी पुट्टी असेल तर दाल में काला आहे. कॅसल रेलवर पेचकसाच्या मुठीने ठोका. धड पत्रा टणटणतो, कुजका भद्द वाजतो. टोक खुपसायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या.

आता उभे राहा आणि दाराची मागची फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. रोडस्टरमध्ये वर फट मिटत आली असेल आणि दार बंद करताना कडा घासत असेल, तर गाडी मधून बसली आहे. मालक तयार असेल तर सिलजवळच्या जॅक लावायच्या जागेवर एक बाजू उचला आणि दार उघडून बंद करा. जॅकवर दार अडकलं तर सिल गेले समजा. जॅक पत्र्यात घुसायला लागला तर पुढचं काहीच बघायची गरज नाही. जीटीमध्ये, म्हणजे पक्क्या छपराच्या एमजीबीमध्ये, मात्र या परीक्षेवर फार विसंबू नका. तिचं पोलादी छप्पर बॉडीला ताठ ठेवतं, म्हणून सिल सडूनही फटी सरळ दिसतात. जीटी साधारणपणे रोडस्टरपेक्षा स्वस्त मिळते, पण सिलचं काम दोन्हींत तेवढंच असतं.

सिलखालोखाल महत्त्वाची जागा म्हणजे मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथे बॉडीला अडकतं ती. सीटच्या मागे जमिनीवरची झाकणं उघडून बॅटरीच्या पेट्याही बघा. १९७४पर्यंत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि सांडलेल्या ॲसिडने पेट्यांचे तळ गळून पडतात. गालिचा उचलून फरशी दाबून बघा. पेट्रोलची टाकी वरच्या बाजूने सडते, कारण टाकी आणि डिकीच्या फरशीमध्ये माती अडकते. खालून ती छान दिसते आणि पूर्ण भरली की वास सुटतो. पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात, त्यामुळे बदलायला सोपे. मागचे वेल्ड केलेले असतात, म्हणून चुंबक तिथे जास्त फिरवा. दाराच्या पत्र्याला छोट्या तिकोनी काचेच्या खाली पडलेली उभी चीर हा या गाडीचा जुनाच रोग. दिसायला वाईट, पण त्यासाठी सौदा मोडू नका.

इंजिन आणि खालचं सामान

गाडी चालू होत असेल तर तुम्ही पोहोचण्याआधी ती गरम करून ठेवू नका असं आधीच सांगा. थंड इंजिनावर निळा धूर, खडखड, चोक काढूनही सुरू न होणं, हे सगळं खरं खरं दिसतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब ५० ते ८० पीएसआय हवा. उभ्या गाडीत तो १५-२०वर आला तरी चालतं. धावताना ४०च्या खाली राहत असेल तर क्रँकच्या बेअरिंगचा खर्च धरा. वाल्वची थोडी टिकटिक या इंजिनाला शोभते. अगदी शांत इंजिन असेल तर फट गरजेपेक्षा कमी ठेवलेली असू शकते, आणि त्याने वाल्व जळतात. १९६४च्या शेवटापर्यंतच्या इंजिनांत क्रँकला तीन मुख्य बेअरिंग होती, नंतर पाच झाली. रोज वापरायची असेल तर पाचवाली बरी.

क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणून इंजिन निघालंच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग एकदमच बदला. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी गिअरबॉक्सची जोड) लागत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा तो वायरिंगचा दोष असतो किंवा गिअरबॉक्समधलं ऑइल कमी असतं. मात्र किंमत पाडायला हा मुद्दा जरूर वापरा. चारही गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरडता पडावा म्हणून केलेली सोय) असलेल्या, म्हणजे १९६७च्या शेवटापासूनच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० ऑइल जातं. तिथे गिअर ऑइल ओतणारे सापडतात. ते ओव्हरड्राइव्हला मानवत नाही.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन, झिजली आहे. किंगपिनला दर ३००० मैलांनी ग्रीस द्यायचं असतं आणि बहुतेक मालकांना त्याचा विसर पडतो. स्पोकची चाकं असतील तर ब्रेक दाबलेला ठेवून चाक पुढे-मागे हलवा. कट्‌ असा आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. नवं चाक जुन्या झिजलेल्या हबवर बसवलं तर नव्याचेही दाते महिन्यांत जातात, म्हणून दोन्ही जोडीने घ्यावी लागतात. गिअर टाकताना मागून येणारा ठक्‌ आवाज बहुधा डिफरन्शियलमधल्या वॉशरचा. तो स्वस्तातला दोष.

बंपर काळा रबरी की क्रोमचा, यावर लोक भरपूर वाद घालतात. सप्टेंबर १९७४नंतरच्या रबरी बंपरच्या गाड्या अमेरिकेच्या नियमांसाठी उंच केलेल्या होत्या आणि वळणावर जास्त झुकतात, म्हणून स्वस्त. उंची कमी करता येते. धड बॉडीची रबरी गाडी सडक्या क्रोमच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

कागद

व्ही५सी लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या सरकारी नोंदणीच्या कागदावर, नोंदणीदाराचं नाव असतं. ते मालकीचा पुरावा नव्हे. पावती वेगळी घ्या आणि गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना, हे तपासून घ्या. चासी नंबरची पाटी आणि लॉगबुकवरचा नंबर अक्षर न्‌ अक्षर जुळवा. जीएचएनने सुरू होणारा नंबर रोडस्टरचा, जीएचडीने सुरू होणारा जीटीचा. जीएचडी नंबरची गाडी रोडस्टर म्हणून समोर उभी असेल तर कुणीतरी कागद आणि बॉडी यांची अदलाबदल केली आहे. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या सोयींसह निघाली याचा दाखला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून पैसे भरून मिळतो.

एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी. तिच्या जुन्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. २००८ ते २०१५ दर वर्षी ‘सिलला गंज’ असा शेरा असेल आणि २०१६ला अचानक काही नसेल, तर त्या वर्षीची बिलं मागा. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी लागत नाही आणि ऐतिहासिक वर्गात नोंद करून घेतली की रस्ता करही लागत नाही. यामुळेच विक्रीला आलेल्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षं कुणी खालून बघितलेल्या नसतात. सूट असली तरी एमओटी केंद्रात थोडे पैसे देऊन तपासणी करून घेता येते. विकणारा त्याला नाही म्हणाला तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

अर्धवट उघडून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त दिसते. तिच्यात काय आहे याची यादी करू नका, काय नाही याची करा. विंडस्क्रीनची चौकट, टपाचा सांगाडा, डॅशबोर्डचे मीटर, ओव्हरड्राइव्ह, चासी नंबरची पाटी. नट-बोल्ट मिळतील, हे सामान गोळा करण्यात एक उन्हाळा जातो.

गाडी घरी आल्यावर

बरीच वर्षं उभी असलेल्या गाडीला आल्या आल्या किल्ली मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळू पुढे-मागे ढकला. इंजिन फिरतंय दिसलं की ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर फिरवा आणि मीटरवर ऑइलचा दाब आल्यावरच प्लग बसवा. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका, वेगळ्या कॅनमधून द्या. रबरी पेट्रोल नळ्या सगळ्या बदला: सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० झालं आणि त्यातल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं. नव्या नळीवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असायला हवं. ब्रेकच्या लवचीक नळ्या आणि मागच्या चाकांचे सिलिंडर न बघता बदला, पुढची कॅलिपर उघडून पिस्टन बघा.

मग बॉडी. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी नळीचा आधार वेल्ड किंवा बोल्ट करा, नाहीतर रोडस्टर दुमडते आणि पुन्हा दार बसत नाही. टेकू सिलखाली न देता पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागच्या पाट्यांच्या टोकांजवळ द्या. एका वेळी एकच बाजू कापा. नवा पडदा आणि सिल आधी नुसते शिकंजांनी धरून दार आणि पुढचा मडगार्ड लावून बघा, फटी जुळल्यावरच वेल्ड करा. पातळ पत्र्याला ०.६ मिमी तारेचा मिग वेल्डर बरा. ६ मिमीची भोकं पाडून ती भरत जा, स्पॉट वेल्डसारखी पकड येते. जोडाच्या आत वेल्ड चालेल असा जस्ताचा प्रायमर आधीच लावा. रंग झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारा. रंगाआधी फवारलंत तर मेण बाहेर झिरपतं आणि रंग धरत नाही.

इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) उघडलंच असेल तर बिनशिशाच्या पेट्रोलसाठी एक्झॉस्ट वाल्वला कडक सीट बसवून घ्या. डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातले) रोटर आणि कंडेन्सर नवे लावले तरी जुने चालणारे गाडीत ठेवा. हल्लीच्या नव्या मालात चांगला-वाईट दोन्ही येतो आणि भर रस्त्यात बंद पडणाऱ्या एमजीबीत रोटरचा वाटा मोठा आहे. पहिल्या ३०० मैलांनंतर थंड इंजिनावर हेडचे नट ५० फूट-पाउंडला पुन्हा ताणा आणि मग वाल्वच्या फटी ०.०१५ इंचांना लावा. याच क्रमाने, कारण हेड दबलं की फट बदलते.