रात्रभर जागून असाइनमेंट संपवायची असेल तर कामाचा क्रम उलटा लावा

सकाळी सबमिशन आणि अर्धं काम बाकी, अशा वेळी बरेच जण आधी कव्हर पेज, इंडेक्स, समास आखणं असलं सोपं काम उरकत बसतात आणि डोकं लागणारा भाग पहाटे ३ ला उघडतात, मग एकच ओळ चारदा वाचली तरी काही शिरत नाही, कारण साधारण ३ ते ५ हीच झोप सगळ्यात जास्त येण्याची वेळ.

१. रात्री १ पर्यंत फक्त विचाराचं काम करा. उत्तरं, गणितं, निष्कर्ष. अक्षर कसंही येऊ दे, कच्चं चालतं.

२. मग २० मिनिटं आडवं व्हा. कॉफी घ्यायचीच असेल तर पडायच्या अगदी आधी घ्या, तिचा असर व्हायला तेवढा वेळ लागतोच, उठाल तेव्हा बरं वाटेल. अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा हं, उशाशी ठेवला की हात आपोआप बंद करतो.

३. पहाटे फेअर करणं, आकृत्यांना नावं, पान नंबर.

फक्त एक, सकाळी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, प्लीज. डुलकी लागतेय हे आपल्याला कळतच नाही. कोणाला तरी सोडायला सांगा.