राष्ट्राच्या स्थापनेत ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा कसा तपासावा

अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच स्थापन झाले, असे एक जण ठामपणे सांगतो. दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो की त्या देशाच्या उभारणीशी धर्माचा काहीच संबंध नव्हता. ठाण्यातील आमच्या अभ्यासमंडळात हा वाद दोन रविवार रंगला, आणि दोन्ही वेळा मूळ मजकूर कोणीच उघडला नव्हता. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), वाचनालयात किंवा सोसायटीच्या सभागृहात हा विषय घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आम्ही तिसऱ्या रविवारपासून अवलंबलेली पद्धत येथे मांडतो.

आधी प्रश्नाची फोड करावी. देश घडवणाऱ्या माणसांची श्रद्धा काय होती, त्यांनी लिहिलेल्या दस्तऐवजांत काय उतरले आणि शासनावर कोणते बंधन आले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर तिसऱ्याच्या जागी दिले की चर्चा तेथेच फसते.

मग मूळ मजकुराच्या प्रती प्रत्येकाच्या हाती द्याव्यात आणि सोबत दोन पेन्सिली: देवाच्या उल्लेखाखाली तांबडी रेघ, शासनाला घातलेल्या मर्यादेखाली निळी. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तांबडी पेन्सिल चार ठिकाणी थांबते: निसर्गाचा ईश्वर, निर्माता, जगाचा सर्वोच्च न्यायाधीश आणि दैवी कृपेवरील भरवसा. ख्रिस्ताचे नाव मात्र त्यात नाही. १७८७ च्या राज्यघटनेत शेवटच्या तारखेतील ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ एवढा प्रघाताचा शब्दप्रयोग सोडला, तर तांबडी रेघ ओढण्यास जागाच मिळत नाही. उलट सहाव्या अनुच्छेदात, कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घातली जाणार नाही या वाक्याखाली निळी रेघ उमटते. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, राज्यधर्म स्थापण्यास मनाई केली, तर उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीशी झालेल्या आणि सेनेटने १७९७ मध्ये मंजूर केलेल्या तहाच्या मजकुरात अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

येथेच निकाल देण्याची घाई करू नये. ती मनाई केवळ केंद्रीय काँग्रेसला होती. घटक राज्यांत चर्चला सरकारी आधार पुढेही चालू राहिला. कनेक्टिकटमध्ये तो १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत टिकला. दुसऱ्या बाजूने, ‘देवावर आमचा भरवसा’ हे राष्ट्रीय ब्रीद अधिकृतपणे १९५६ चे आहे, आणि निष्ठेच्या शपथेत देवाचे नाव १९५४ मध्ये आले. म्हणून ते स्थापनेचा पुरावा म्हणून मांडणे चूक ठरते.

ज्या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते, तो हा: राज्यसत्ता आणि चर्च वेगळी असावीत, ही मागणी कोणी लावून धरली? केवळ श्रद्धेविषयी साशंक असलेल्यांनी नव्हे. व्हर्जिनियात चर्च ऑफ इंग्लंडला राज्याश्रय होता आणि तेथे बॅप्टिस्ट या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाच्या उपदेशकांना परवान्याविना प्रवचन केल्याबद्दल तुरुंगात टाकले जाई. पुढे त्याच बॅप्टिस्टांनी नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनला साथ दिली आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदाकार टॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये संमत झाला. चर्च आणि शासन यांच्यामधील ‘भिंती’ची प्रसिद्ध उपमासुद्धा जेफरसनने १ जानेवारी १८०२ रोजी कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पाठवलेल्या पत्रात आहे. श्रद्धा सरकारच्या हाती गेली की ती श्रद्धा राहत नाही, ही त्या भाविकांची धारणा होती. ती समजून घेतल्याशिवाय हा इतिहास अर्धाच कळतो.

यानंतर गटाला आपल्या गावाकडे वळवावे. तलावपाळीजवळील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपरा पोर्तुगीज काळापर्यंत मागे जाते. त्या राजवटीत धर्मप्रसाराचा आश्रयदाता स्वतः राजा होता, बिशपांची नावे तोच सुचवी आणि धर्मगुरूंच्या खर्चाचा भार राजकोषावर असे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर ते छत्र गेले, तरी येथील ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाची श्रद्धा टिकली. चर्चा थंडावली असेल तेव्हा हा मुद्दा पुढे आणावा. तो हमखास बोलते करतो.

शेवटी आपली घटनासमिती घ्यावी. तिचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते आणि जेरोम डिसोझा हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू तिचे सदस्य होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ देवाच्या नावाने करावा, अशी सूचना मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. मात्र पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या हक्कासोबत त्याच्या प्रसाराचाही हक्क राहिला.

समारोपाला प्रत्येकाने सुरुवातीच्या तीन प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहावीत आणि प्रत्येक वाक्यासमोर दस्तऐवजाचे नाव व साल घालावे. ज्या वाक्यासमोर ती जागा रिकामी राहील, ते पुढच्या रविवारी पुन्हा तपासायला घ्यावे.