मराठवाड्यात बसून चॅम्पियनशिपचा प्रमोशनचा सीझन कसा फॉलो करायचा

प्रीमियर लीग बघणारे आता आपल्याकडं गावोगाव आहेत, नांदेड-परभणीच्या कॉलेजात आर्सेनल-लिव्हरपूलची जर्सी घातलेली पोरं दिसतात, पण त्याच्या खालची लीग म्हणजे चॅम्पियनशिप मात्र फार कुणी बघत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. एखादा क्लब नऊ महिने घासून वर चढतो ना, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघण्यात जे आहे ते मला वरच्या लीगमध्ये सापडत नाही. अडचण एवढीच की मधूनच उघडून बघितलं तर काहीच कळत नाही, २४ टीम, अर्ध्या नावांची ओळख नाही, आणि मॅचेस संपतच नाहीत. म्हणून ज्यांना पहिल्यांदा एखादा सीझन नीट धरून बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला २०२४-२५ चा लीड्स युनायटेड या क्लबचा सीझन घेतो, कारण शिकायला त्याच्यापेक्षा चांगला सीझन मला तरी दिसत नाही.

आधी गणित समजून घ्या. २४ टीम, प्रत्येकीच्या ४६ मॅच, जिंकली की ३ पॉइंट, ड्रॉ झाली की १. पहिल्या दोन टीम थेट प्रीमियर लीगमध्ये, यालाच प्रमोशन म्हणतात. २०२४-२५ ला तिसऱ्या ते सहाव्या नंबरच्या चार टीमचा प्लेऑफ होता आणि त्यातून एकच वर गेली. तळाच्या तीन टीम आणखी खालच्या लीगमध्ये, म्हणजे लीग वनमध्ये, घसरतात. हे नियम सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा तपासून घेत जा, यात बदल होऊ शकतो. आणि यातून एक गोष्ट डोक्यात पक्की करा, लढाई पहिल्या नंबरसाठी नसते, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या मधल्या रेषेसाठी असते. पहिला आला काय नि दुसरा आला काय, दोघंही वर जातात. तिसरा मात्र वर्षभर राबून शेवटी दोन-तीन मॅचच्या भरवशावर राहतो. टेबल उघडलं की नजर आधी त्या रेषेवर गेली पाहिजे.

आता वेळा. सगळ्यात जास्त लोक इथंच कंटाळून सोडून देतात, आणि गरज नसताना. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याची वेळ चालू असते तेव्हा आपण साडेचार तास पुढं, हिवाळ्यात साडेपाच तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागं जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं येतात. म्हणजे शनिवारची दुपारी ३ ची मॅच ऑगस्ट-सप्टेंबरला आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला, सोयाबीनची रास घरात आली की साडेआठला, आणि एप्रिलमध्ये लग्नाच्या तिथ्या सुरू होईपर्यंत परत साडेसातला. साडेबाराची मॅच संध्याकाळी ५ किंवा ६ ला. बघा, या सगळ्या जेवणाच्या आगेमागेच्या वेळा आहेत, घरात कुणाला त्रास नाही. त्रास आहे तो आठवड्यातल्या रात्रीच्या मॅचचा, पावणेआठची असेल तर आपल्याकडं रात्री सव्वाबारा किंवा सव्वा एक, आणि तारीख बदलते, मंगळवारची मॅच आपल्या बुधवारात जाते, हे लक्षात नाही राहिलं की माणूस चुकीच्या रात्री जागत बसतो. माझं सरळ म्हणणं आहे, आठवड्यातल्या रात्रीच्या मॅच बघूच नका. सकाळी उठून स्कोअर बघा, क्लबच्या यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात त्या चहासोबत बघा आणि कामाला लागा. ४६ मॅच जागून कुणी काढत नाही, आणि जो काढायला जातो तो डिसेंबरपर्यंत थकून सोडून देतो. लाइव्ह कुठं दिसणार ते दर सीझनला हक्क कुणाकडं आहेत त्यावर ठरतं, ते ऑगस्टमध्येच बघून ठेवा.

मग जागायचं कधी, त्याचं पुढं सांगतो. आधी वही.

हो, वहीच. अ‍ॅपमध्ये टेबल सगळं असतं पण अ‍ॅप फक्त आजचं दाखवतं, टीम कुठून कुठं आली ते दाखवत नाही. साधी शंभर पानी घ्या, एका पानावर चार रकाने आखा: तारीख, किती मॅच झाल्या, किती पॉइंट, आणि चौथ्यात एकच आकडा, मॅचच्या दुप्पट संख्येपेक्षा पॉइंट किती वर किंवा किती खाली. कामून दुप्पट? कारण मॅचमागे सरासरी २ पॉइंट पडले तर ४६ मॅचचे ९२ होतात आणि ९२ वाली टीम बहुतेक वेळा थेट वर जाते. चौथा रकाना प्लसमध्ये असला की तुमची टीम रेषेच्या वर आहे असं धरा, मायनसमध्ये गेली की काळजी करा. एवढंच आहे, पण हा एक आकडा लई काही सांगतो.

लीड्सचं पान कसं दिसलं असतं ते बघा. २४ फेब्रुवारी २०२५ ला ते शेफिल्ड युनायटेडच्या घरी जाऊन ३-१ जिंकले, तेव्हा ३४ मॅचमध्ये ७५ पॉइंट, म्हणजे चौथ्या रकान्यात अधिक ७. सगळे म्हणायला लागले झालं आता. मग पुढच्या सहा मॅच बघा: वेस्ट ब्रॉमशी ड्रॉ, पोर्ट्समथकडून हार, मिलवॉलवर विजय, क्यूपीआरशी (क्वीन्स पार्क रेंजर्स) ड्रॉ, स्वान्सीशी ड्रॉ, ल्यूटनशी ड्रॉ. सहा मॅचमध्ये ७ पॉइंट. ५ एप्रिलला ४० मॅच आणि ८२ पॉइंट, चौथ्या रकान्यात अधिक २. हरले फक्त एकदा, तरी पाच पॉइंटची उशी गेली! टेबलात नुसतं बघणाऱ्याला वाटतं टीम बरी चाललीय, हरत तर नाहीये. वहीवाल्याला मात्र मार्चच्या मध्यालाच दिसतं की ड्रॉ टीमला आतून पोखरतायत. मोठ्या टीमशी मोठी मॅच झाली की सगळे बोलतात, पण प्रमोशन जातं ते क्यूपीआर नि स्वान्सीशी घरच्या नाहीतर बाहेरच्या ग्राउंडवर सोडलेल्या दोन-दोन पॉइंटमध्ये, हे या लीगचं खरं आहे आणि हे एकदा कळलं की तुम्ही मॅच वेगळ्याच डोळ्यांनी बघता.

स्वान्सीच्या मॅचवर जरा थांबतो. २९ मार्च, लीड्सचं घरचं ग्राउंड एलंड रोड, लीड्स २-१ ने पुढं, इंज्युरी टाइममध्ये शेवटच्या क्षणाला स्वान्सीनं बरोबरी केली. गोलकीपर इलान मेस्लिएवर त्या दिवशी बरीच टीका झाली. आणि मॅनेजर डॅनियल फार्कनं पुढच्या मॅचला त्याला बाहेर बसवलं आणि कार्ल डार्लोला उभं केलं. सीझनच्या शेवटच्या सात मॅच उरलेल्या असताना गोलकीपर बदलणं ही साधी गोष्ट नाही, फार कमी मॅनेजर करतात. ल्यूटनशी ड्रॉ झाली, आणि तिथून पुढं सलग सहा विजय. मिडल्सब्रो, प्रेस्टन, ऑक्सफर्ड, स्टोक, ब्रिस्टल सिटी, प्लिमथ. म्हणून सांगतो, मार्च-एप्रिलमध्ये टीमशीटकडं लक्ष ठेवा, कोण बाहेर बसला, कोण आत आला, आणि मॅनेजर घाबरून बदलतोय का ठरवून बदलतोय ते बघा. फार्कनं आधी नॉर्विचला २०१८-१९ आणि २०२०-२१ ला ही लीग जिंकून दिली होती, त्याला माहीत होतं एप्रिल कसा असतो.

याच वेळी बाकीच्या पानांवर काय चाललंय तेही बघायचं असतं, म्हणजे तुमच्या टीमसोबत शर्यतीतल्या आणखी दोन टीमचे रकाने ठेवा. शेफिल्ड युनायटेड एप्रिलच्या सुरुवातीला सलग तीन मॅच हरली, ऑक्सफर्ड, मिलवॉल आणि तळाला अडकलेल्या प्लिमथकडून, आणि तिथंच त्यांचं थेट प्रमोशन हातातून गेलं. त्यांचे तर सीझन सुरू होतानाच २ पॉइंट कापलेले होते, दुसऱ्या क्लबांचे पैसे वेळेवर दिले नव्हते म्हणून. शेवटी ९० पॉइंट आणि तिसरा नंबर. आणि आदल्या वर्षी २०२३-२४ ला कोण तिसरं होतं माहितीये? लीड्सच, तेही ९० वरच, आणि प्लेऑफ फायनल साउथहॅम्प्टनशी १-० हरले. दोन्ही वेळा चौथा रकाना उणे २. अर्थात दरवर्षी ९२ लागतातच असं नाही, २०२१-२२ ला फुलम ९० वर पहिली आणि बोर्नमथ ८८ वर दुसरी आली, म्हणून आकडा धरा पण तिसऱ्या टीमकडं बघत बघत धरा.

त्या वर्षी लीड्ससोबत थेट वर गेलेल्या बर्नलीचं पान मात्र वेगळंच होतं आणि ते मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण नवीन बघणाऱ्याला वाटतं गोल मारणारी टीमच वर जाते. लीड्सनं त्या सीझनला ९५ गोल मारले, जोएल पिरोनं एकट्यानं १९. बर्नलीनं मारले ६९, पण खाल्ले किती तर ४६ मॅचमध्ये फक्त १६! तीस मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. जानेवारीत संडरलंडशी ०-० झालेल्या मॅचमध्ये शेवटाकडं त्यांचा गोलकीपर जेम्स ट्रॅफर्डनं दोन पेनल्टी अडवल्या, त्या हायलाइट्स सापडल्या तर जरूर बघा. बर्नलीच्या मॅच बघायला कंटाळवाण्या होत्या असं लई जण म्हणायचे, मला नाही पटत, ०-० ची मॅच सांभाळून घरी आणणं हे कोरडवाहूच्या शेतकऱ्यानं पाणी जपण्यासारखं आहे, ते बघायची नजर लागते.

शेवटी दोघांचेही १०० पॉइंट झाले. लीड्स २९ विजय १३ ड्रॉ, बर्नली २८ विजय १६ ड्रॉ. २१ एप्रिलला लीड्सनं स्टोकला ६-० हाणलं, पिरोचे पहिल्या हाफमध्येच चार गोल, आणि त्याच दिवशी नंतरच्या मॅचमध्ये बर्नलीनं शेफिल्ड युनायटेडला २-१ हरवलं आणि दोघंही एकदमच वर गेले. ३ मे ला शेवटच्या दिवशी फक्त ट्रॉफी कुणाची एवढंच उरलं होतं. आपल्याकडं संध्याकाळी ५ ची वेळ, दुसऱ्या दिवशी नीटची परीक्षा म्हणून लातूर तर पोरांनी आणि पालकांनी भरून गेलेलं. प्लिमथमध्ये लीड्स आधी ०-१ मागं, मग न्योन्तोनं बरोबरी केली, आणि ९१ व्या मिनिटाला मॅनर सोलोमनचा गोल. ड्रॉ राहिली असती तर ट्रॉफी बर्नलीची होती. पॉइंट सारखे झाले की गोल डिफरन्स बघतात, म्हणजे मारलेल्या गोलातून खाल्लेले वजा, आणि तो लीड्सचा ६५, बर्नलीचा ५३, म्हणजे ऑगस्टपासून मारलेला प्रत्येक जादाचा गोल त्या दिवशी मोजला गेला. म्हणून ३-० ने पुढं असताना चौथ्यासाठी पळणाऱ्या टीमवर हसू नका, आणि वहीत गोल डिफरन्सचा पाचवा रकाना एप्रिलपासून जोडा.

आता जागायचं कधी ते. प्लेऑफला. इथं मात्र सगळं सोडून जागा. सेमीफायनल दोन मॅचची, एक घरी एक बाहेर, आणि फायनल वेम्बलीवर एकच मॅच. संडरलंड त्या वर्षी ७६ पॉइंटवर चौथी होती, शेफिल्ड युनायटेडपेक्षा १४ पॉइंट मागं, आणि लीगच्या शेवटच्या सलग पाच मॅच हरून प्लेऑफमध्ये आलेली. वहीप्रमाणं त्यांचा काही संबंधच नव्हता. सेमीफायनलची दुसरी मॅच कॉव्हेंट्रीशी, १३ मे ची, आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. मे महिना, रात्रीसुद्धा खोलीत बसवत नाही, गच्चीवर पाणी मारून गादी टाकायची, मोबाईल पूर्ण चार्ज करून पॉवर बँक शेजारी ठेवायची कारण लाईटचा भरवसा नाही, आणि आवाज हेडफोनवर. एक्स्ट्रा टाइमही संपत आलेला, दोन्ही मॅच मिळून २-२, पेनल्टी शूटआउट होणार हे नक्की, आणि १२० मिनिटं होऊन गेल्यावर कॉर्नर आला, संडरलंडच्या डॅन बॅलार्डनं डोकं लावलं, बॉल क्रॉसबारला खालून लागून आत. पहाटेचे तीन वाजत आलेले आणि तिकडं अख्खं स्टेडियम वेडं झालेलं. मग २४ मे ला फायनल, आपल्याकडं साडेसातला, शेफिल्ड युनायटेड आधी पुढं, संडरलंडच्या मायेंडानं ७६ व्या मिनिटाला बरोबरी केली आणि ९५ व्या मिनिटाला टॉमी वॉटसननं जिंकून दिली. आठ वर्षांनी संडरलंड प्रीमियर लीगमध्ये परत. प्लेऑफ सुरू झाला की ती वही बाजूला ठेवायची, तिथं तिचा उपयोग नाही, तिथं फक्त कोण ताजं आहे, कोण जखमी आहे आणि कुणाच्या बेंचवरून काय येतंय तेवढंच बघायचं.

टीम निवडताना एक सांगतो. नुकत्याच प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबांना पॅराशूट पेमेंट म्हणून काही वर्षं पैसे मिळतात, त्यामुळं त्यांच्याकडं खेळाडू भारी असतात आणि सुरुवातीला तेच पुढं दिसतात. पण पैसा आहे म्हणून वर जातीलच असं नाही, ल्यूटन २०२४ ला खाली आली आणि पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी खाली लीग वनमध्ये गेली. उलट लीड्सनं २०२४ ची प्लेऑफ फायनल हरल्यावर समरव्हिल, आर्ची ग्रे आणि रटर असे तीन मोठे खेळाडू विकले, आणि तरी १०० पॉइंट केले, कारण सोलोमन, तानाका, बोगल असे नेमके लागतील तेवढे आणले. आणि पहिल्या दोन महिन्यांत टीम खाली दिसली म्हणून सोडून देऊ नका, नॉटिंगहॅम फॉरेस्ट २०२१-२२ ला सात मॅचमध्ये १ पॉइंट घेऊन तळाला होती, स्टीव्ह कूपर मॅनेजर म्हणून आला आणि मे मध्ये तीच टीम २३ वर्षांनी वर गेली.

फिक्स्चर जूनमध्ये येतात, मृगाच्या पेरणीच्या गडबडीत. एक संध्याकाळ काढा, तुमच्या टीमच्या ४६ तारखा आपल्या वेळेत करून वहीच्या पहिल्या पानावर उतरवा, ऑक्टोबरनंतरच्या आणि मार्चनंतरच्या वेळा वेगळ्या शाईनं, आणि टीव्हीसाठी मॅच पुढं-मागं होतात म्हणून प्रत्येक ओळीत थोडी जागा सोडा.