माक्याचं तेल घरी कसं करावं: सगळी मेख पाकात

घरोघरी माक्याचं तेल म्हणून जे तयार होतं, तो बहुतेक वेळा तेलात तळलेला माका असतो. पानं तेलात टाकली, कुरकुरीत झाली, तेल हिरवं दिसलं की गॅस बंद. रंग येतो तो पानातलं हरितद्रव्य तेलात उतरतं म्हणून. तेवढ्याने तेल सिद्ध होत नाही. तैलपाक म्हणजे तेल, वनस्पतीचा रस आणि कल्क (वनस्पतीचं ओलं वाटण) एकत्र मंद आचेवर शिजवून रसातलं पाणी पूर्ण आटवणं. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान 100 अंशांच्या आसपास अडून राहतं, त्यामुळे औषध जळत नाही. पाणी संपलं की तेल भराभर तापतं. सगळं कौशल्य ती वेळ ओळखण्यात आहे.

माका पावसाळ्यात बांधावर, पाटाच्या कडेला मुबलक मिळतो. बारीक पांढऱ्या फुलांचाच घ्या. सोसायटीच्या बागेत पसरलेली पिवळ्या फुलांची शोभेची वेल आणून तिचं तेल करणारेही भेटतात. शंका असेल तर देठ मोडून बोटांवर चोळा. माका असेल तर थोड्या वेळात बोटं काळपट होतात.

प्रमाण शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथातलं धरा: तेलाच्या चौपट रस, आणि द्रव म्हणून रस वापरताना कल्क तेलाच्या आठव्या हिश्शाइतका. म्हणजे पाव लिटर तेलाला 1 लिटर रस आणि साधारण 30 ग्रॅम कल्क. कल्कासाठी आवळकाठी, म्हणजे वाळवलेला आवळा, भिजवून वाटते, त्यात थोडा ओला माका. बस. जास्वंद, कढीपत्ता, मेथी, कांदा, कलौंजी असं सगळं एकाच कढईत कोंबण्याने तेल जास्त गुणकारी होत नाही, फक्त कशाचा पाक झाला आणि कशाचा नाही हे कळेनासं होतं. ताजा माका मिळत नसेल तर वाळलेला आठपट पाण्यात उकळून पाणी चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा आणि तो काढा रसाच्या जागी घ्या; मग कल्क सहावा हिस्सा. तेल घाण्याचं तिळाचं. कोकणात खोबरेल वापरतात, तेही चालतं. थंडीत गोठतं एवढंच.

कढई मोठी, जाड बुडाची, लोखंडी किंवा स्टीलची. ॲल्युमिनियम नको. तेल कोमट करा, कल्क घाला, मग रस, आणि आच मंद.

आता खरा भाग. मलाही हाच टप्पा जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण फेस एकदा नाही, दोनदा येतो आणि सांगणारे नुसतं ‘फेस आला की बंद करा’ म्हणून मोकळे होतात. पहिला फेस सुरुवातीलाच येतो, हिरवट, जाडसर, ओट्यावर उतू जाणारा. तो रसाचा. त्याचा पाकाशी काही संबंध नाही. ढवळत राहा, आच कमी करा, बसतो. मग बराच वेळ कढई नुसती रटरटते. या काळात कल्क बुडाला चिकटतो, म्हणून उलथन्याने बूड खरवडत ढवळायचं. मोबाइल घेऊन बसलात तर करपट वास येईल आणि तो वास नंतर कशानेही जात नाही.

रटरट थंडावत जाते आणि बुडबुडे बारीक होतात, तेव्हा कढईपासून हलू नका. चमच्याने थोडा कल्क काढून जरा निवू द्या आणि दोन बोटांत वळून बघा. चिखलासारखा चिकटत असेल तर पाणी आहे. मेणासारखा होऊन त्याची वात वळली की पाक जवळ आला. ती वात चिमट्यात धरून ज्योतीवर न्या: तडतडली तर पाणी शिल्लक, मुकाट जळली तर संपलं. याच सुमाराला तेलावर दुसरा फेस येतो, पांढुरका आणि बारीक. औषधी तुपाचं उलटं असतं, तिथे फेस शमतो. तुपाच्या सवयीने फेस बसायची वाट बघाल तर तेल हातचं जाईल. ही सगळी लक्षणं एकत्र जुळायला हवीत, एकट्या फेसावर किंवा रंगावर भरवसा ठेवू नका.

कल्क मऊ, किंचित ओलसर असताना उतरवलं तर मृदु पाक, वात नीट वळते तो मध्यम, आणि बोटांत वाळूसारखा खरखरीत लागला की खर पाक. शास्त्रात बाहेरून चोळायच्या तेलाला खर पाक सांगितलाय, पण घरच्या गॅसवर खर आणि करपलेला यांत क्षणाचंच अंतर असतं. डोक्याला लावायला मध्यम पाक पुरे. तिथेच गॅस बंद करा आणि कढई लगेच खाली उतरवा, कारण लोखंडाच्या उष्णतेवर पाक पुढे चालूच राहतो. घाई असेल त्या दिवशी हे करूच नका. तेल एका दिवसात पुरं करू नये असंही शास्त्र सांगतं. म्हणून मी पहिल्या दिवशी निम्मा रस आटवून ठेवते आणि पाक दुसऱ्या दिवशी उजेडात करते.

कोमट असताना कोरड्या सुती फडक्यातून गाळा. शेवटी पिळून निघालेलं गढूळ तेल वेगळं ठेवून आधी संपवा. वरचं रात्रभर निवळू द्या आणि कोरडठाक काचेच्या बाटलीत भरा. पाण्याचा अंश राहिला तर बाटलीच्या तळाशी ढगासारखं काहीतरी साचतं आणि तेल लवकर बिघडतं.

लावायचं ते न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी, बोटांच्या टोकांनी मुळांशी. आधी कोपराच्या आत थोडं लावून दिवसभर बघा. डोकं कोरडं, केस राठ असतील तर उपयोग लगेच जाणवतो. तेलकट कोंड्यावर मात्र चोपडू नका. तो वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते. नाकात सोडायला तर हे तेल मुळीच नाही, नस्याचा पाक वेगळा आणि तो वैद्याकडचाच घ्यावा. केस मुळापासून झडून चाई पडली असेल तर बाटली बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.